विसरलेले मूग

१४ मे, सकाळी नऊ

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, नातीला गोड पापा. मी ठणठणीत आहे. इथे ऊन मी म्हणतंय.

तुझं पत्र मिळालं. रविवारी गाडी घेऊन मला न्यायला येतेस, मागची खोली रिकामी केलीस, पलंगही आणलास. पलंग परत करता येत असेल तर कर. मी येणार नाही.

"बाबा, नुसतं कच्चं खाऊन माणूस किती दिवस जगेल?" असं विचारलंस. तर ऐक. सकाळी कलिंगडाच्या फोडी आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे. दुपारी मोड आलेले मूग, त्यात काकडी, टोमॅटो, कांदा, वरून लिंबू. मीठ अगदी खाताना घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. सोबत पातळ ताक. संध्याकाळी दह्यात किसलेली काकडी, थोडा पुदिना आणि बेकरीतला पाव. पोट हलकं, झोप गाढ. तुझ्या आईने चाळीस वर्षं तिखट-तेलकट खाऊ घातलं आणि मीही मिटक्या मारत खाल्लं. ती असती तर म्हणाली असती, "तुमचा अगदी ससा झालाय." म्हणू दे.

स्वयंपाकघरात मी एक वही टांगली आहे. गिरणीच्या बॉयलरवर मी एकतीस वर्षं काढली, तुला ठाऊकच आहे. तासातासाला वाफेचा दाब बघायचा, वहीत लिहायचा, खाली सही. तशीच ही वही. "साडेबारा, जेवलो, मूग." सही.

आता ज्या गोष्टीबद्दल मी फोनवर ताकास तूर लागू दिली नाही, ती लिहितो. नाहीतर वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आज ना उद्या सांगतीलच. उन्हाळा सोसत नाही म्हणून गॅस बंद केला, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. मार्चमध्ये मी दूध गॅसवर ठेवलं आणि वाचनालयात निघून गेलो. जळका वास आला म्हणून नर्सबाई त्यांच्याकडची किल्ली घेऊन धावल्या. पातेलं काळंठिक्कर, खिडकीचा पडदा निम्मा जळलेला. मी परत आलो तेव्हा त्या ओल्या फरशीवर धापा टाकत बसल्या होत्या, आणि मी त्यांनाच विचारलं, "दूध कुणी ठेवलं होतं?"

बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीवरून ज्याने कधी नजर हलू दिली नाही, त्याने हे करावं! मला लाज वाटली, भिंगरे. अजून वाटते. पण लाज वाटली म्हणून गाठोडं बांधून तुझ्या मागच्या खोलीत का येऊन बसू? दुसऱ्याच दिवशी शेगडी आणि सिलिंडर नर्सबाईंना देऊन टाकलं. घरात आता काडेपेटीसुद्धा नाही. मग गॅसविना काय काय खाता येतं ते शोधायला लागलो, आणि सांगायला उन्हाळ्याचं निमित्त मिळालं.

विसरतो, कबूल. गेल्या मंगळवारी वही उघडली तर आदल्या संध्याकाळच्या पानावर "मूग भिजवले" तीनदा लिहिलेलं, तिन्ही सह्या माझ्याच. ओट्यावर तीन पातेली. सह्या पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या, खोटं कशाला सांगू. पण बिघडलं काय? तिन्ही पातेल्यांतल्या मुगाला मोड आले. थोडे नर्सबाईंना दिले, थोडे समोरच्या शिंप्याला, बाकीचे मी दोन दिवस खाल्ले. दूध विसरलो तर पडदा जळाला. मूग विसरलो तर शेजाऱ्यांचं जेवण झालं.

ही वही कशाला टांगली आहे हेच ज्या दिवशी मला कळणार नाही, त्या दिवशी नर्सबाई तुला फोन करतील. तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तेव्हा ये, माझी बॅग भर, मी हूं की चूं करणार नाही. तोवर माझ्या घरात माझंच चालेल.

रविवारी मात्र जरूर ये. कलिंगड आणून ठेवतो. जेव, भांड, आणि गाडी रिकामी घेऊन परत जा.

हे पत्र पेटीत टाकलं की वहीत तसं लिहीन आणि सही करीन. तरीही हेच पत्र तुला पुन्हा आलं, तर रडत बसू नकोस. उत्तर दोन्ही वेळा एकच आहे, एवढं बघ.

आपल्याच घरातून,
तुझा बाबा