नळावरचा हात

हेस्टॉय बेट, नॉर्वे
३ मार्च १९७१

चि. सौ. तूरुन हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लोकर मिळाली. बाळाचे मोजे विणायला घेतलेत. दिवस भरत आलेत तुझे, जास्त धावपळ करू नकोस.

एक सांगते, हसायचं नाही हं. तुझे बाबा आलेत. ऑक्टोबरात त्यांना पुरून आलो तेव्हापासून घर खायला उठायचं, पण महिना झाला, भांडी घासताना नळ धरला की ते माझा हात धरतात. हलकेच, मुंग्या आल्यासारखे, कोपरापर्यंत. पहिल्यांदा मी किंचाळलेच! आता रोज सकाळची वाट बघते. चौतीस वर्षांच्या संसारात या लाजऱ्या माणसाने कधी असा हात धरला नव्हता गं. परवा माझे मोजे ओले होते, तर इतका घट्ट धरला की सोडवेना.

तुझा आर्विड जहाजावरून घरी आला की कळव.
तुझीच,
आई

बर्गन
१० मार्च

ती. आईस,
तूरुनचा सा. न. वि. वि.

तुला वेड लागलंय असं लिहायला बसले आणि मीच रडले. हेवा वाटला गं. मला तर ते स्वप्नातसुद्धा दिसत नाहीत.

डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलंय. उन्नीला मंगळवारच्या बोटीने पाठवतेय. पाच वर्षांची झाली तरी पायात काही घालत नाही, ओरड तिला. बाबा नेमके कधीपासून यायला लागले, ते लिही ना.

माया असू दे.
तुझी तूरुन

हेस्टॉय
२३ मार्च

चि. सौ. तूरुन हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पोर मजेत आहे. वॅफल्सचा फडशा पाडते आणि अनवाणी हुंदडते. तुझ्याच वळणावर गेलीय, मला काय सांगतेस!

बाबांचं विचारलंस. थंडीत विहिरीचा लोखंडी पाइप फुटला. शेजारच्या ओड्वारने तो काढून प्लॅस्टिकचा टाकला, त्याच दिवसापासून ते येतात. ओड्वारला सिंकखालचा गिझरही उघडून बघायचा होता. मी साफ नाही म्हटलं. तुझ्या बाबांनी स्वतः वायरिंग केलंय त्याचं, परक्याने हात लावलेला मला खपायचा नाही.

उन्नी सारखी विचारते, आजोबा कुठे आहेत? येत्या शनिवारी आंघोळ झाली की स्टुलावर उभी करून तिचा हात नळावर ठेवीन म्हणते. नातीला भेटून त्यांनाही बरं वाटेल.

जपून राहा.
आई

बर्गन
शुक्रवार, २६ मार्च

आई,
नळाला हात लावू नकोस! उन्नीला त्याच्या जवळही जाऊ देऊ नकोस. ते बाबा नाहीत.

आर्विड आज सकाळी आला आणि तुझी पत्रं वाचून पांढराफटक पडला. म्हणाला, तुमच्या घराचं अर्थिंग त्या लोखंडी पाइपातूनच जमिनीत जात होतं. प्लॅस्टिक टाकलं तिथे ते तुटलं. आता गिझरमधून गळणारा करंट नळात उतरतोय, आणि बेटावरच्या जुन्या वायरिंगमध्ये एवढ्याने फ्यूज उडत नाही. पाय सुके असतात म्हणून तुला नुसत्या मुंग्या येतात. ओल्या पायांनी माणूस जागच्या जागी जातो. आधी मेन स्विच बंद कर.

तुमच्या बेटावरच्या दुकानात दहा वेळा फोन लावला. वादळाने तारा पडल्यात. हे पत्र तुला सोमवारी मिळेल. मधे शनिवार आहे, आई. मी इथे पडून काय करू?

तूरुन

हेस्टॉय
सोमवार, २९ मार्च

चि. सौ. तूरुन हिस,
उन्नी सुखरूप आहे, हे सगळ्यात आधी. शेजारी बसून चित्र काढतेय.

तुझं पत्र आत्ता आलं. शनिवार होऊन गेला होता. टबातून काढलं, पायही पुसले नव्हते तिचे. स्टूल लाकडी आणि कोरडं होतं, देवाची कृपा. मी सांगितलं, धर, आजोबा आहेत. तिने एक बोट लावलं, झटक्यात मागे घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, आजोबा चावतात.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तुझे बाबा बंदरावरून आले की आधी हात शेगडीवर शेकायचे आणि मगच तुला उचलायचे, लेकीला गार लागायला नको म्हणून. ते चावतील? मग इतके दिवस माझा हात धरून उभं होतं ते कोण? आणि मी आपल्या हाताने पोरीला त्याच्यापुढे उभी केली!

ओड्वारला तो गिझर का उघडून बघायचा होता, ते तेव्हा उमगलं. तशीच गेले आणि मेन स्विच बंद केला. दोन दिवस लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक करतेय. आर्विडला पाठव. गिझर काढून फेकला तरी मी काही म्हणणार नाही.

स्विच बंद केल्यावर उन्नीला बाहेर पाठवलं आणि एकदा नळ धरून पाहिला. बराच वेळ धरला. नुसतं गार पितळ होतं.

तूरुन, तुझे बाबा गेले गं.

आई