कपाशीची फवारणी आणि माझी अंगणवाडी

मंगळवार, रात्र

आज मुलं खिचडी खात असताना शेजारच्या कपाशीत दत्तूभाऊंनी फवारणी सुरू केली. वास थेट आत. खिडक्या लावल्या, तरी छोटी आरोही ओकलीच. मुलांना मदतनीस ताईंवर सोपवून मी तशीच बांधावर गेले.

"भाऊ, लेकरं घरी गेल्यावर फवारा की."

"वारं माझ्या हातात हाय का, बाई?"

"वारं न्हाई, पंप तर हाय."

त्यांनी पंप उतरवला.

आरोहीला संध्याकाळी पाहून आले. बरी आहे, पण केसांना अजून तोच वास. आणि अंगणवाडीच्या मागचं रान तर आमचंच. ह्यांनी उद्याच्या फवारणीचं औषध आणून ठेवलंय. मुलं गेल्यावरच फवारा, असं मी त्यांना जेवताना सांगणार होते. बांधावर सुटलेली जीभ घरात का अडली?