पुलियावरच्या सळ्या

४ नोव्हेंबर

सळ्या ठोकल्या! कोपऱ्यावरच्या पुलियाच्या — नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या — दोन्ही कठड्यांवर, वीतभर उंच, टोकं वर करून. सकाळी मिस्त्री आला, दुपारपर्यंत काम खलास. कारखान्याच्या या टाउनशिपमध्ये गळका नळ बदलायला महिना लागतो, आणि हे मात्र दोन आठवड्यांत.

खिडकीतून बघत होते. तक्रार मीच लिहिली होती — पण सळ्यांसाठी नव्हे.

तिथला दिवा महिनाभर बंद आहे. हे आणि यांचे तीन दोस्त — विश्वासभाऊ, शर्माजी, खानसाहेब — पूर्वी साडेआठपर्यंत कठड्यावर बसायचे. दिवा गेल्यापासून साडेसहालाच उठायला लागले. मग अंधारात कुठली तरी बाईकवाली पोरं येऊन बसायची. आमची पूजा साकेत नगरच्या हॉस्पिटलातून ड्युटी करून आठला त्याच रस्त्याने येते. मला धीर निघेना. मेंटेनन्स ऑफिसात गेले तर इलेक्ट्रिकलचं रजिस्टर कुणीतरी आत नेलेलं. सिव्हिलचं, म्हणजे बांधकामवाल्यांचं, समोर होतं, त्यातच लिहिलं — ‘पुलिया पर अंधेरे में आवारा लड़के बैठते हैं, बंदोबस्त करें.’

सिव्हिलवाल्यांनी सिव्हिलचा बंदोबस्त केला. दिवा बंदच.

५ नोव्हेंबर

हे संध्याकाळी गेले आणि पाच मिनिटांत परत. ‘कुणा शहाण्याने तक्रार केली म्हणे. शोधून काढतो त्याला.’ मी पोळ्या लाटत राहिले. एक करपली.

८ नोव्हेंबर

चौघं आता पार्कात बसतात. तिथला बेंच लांबलचक — सगळे एका ओळीत, समोर भिंत. पुलियावर दोघं या कठड्यावर, दोघं समोरच्या. बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं. बेंचवर टोकाच्या खानसाहेबांना ऐकू येत नाही, सारखं ‘क्या बोला?’ शर्माजी वैतागले म्हणे. हे सहालाच घरी येऊन टीव्हीसमोर.

घरात हे बोलत नाहीत. कधीच बोलले नाहीत. सत्तावीस वर्षांचं सगळं बोलणं त्या पुलियावर झालंय. मार्चमध्ये रिटायर होतील. हे तिघे दोस्तही तुटले तर यांच्याजवळ उरणार काय? मी? मी किती पुरते ते मला माहीत आहे.

११ नोव्हेंबर

पूजा धापा टाकत घरात शिरली. म्हटलं, ती पोरं पुन्हा आली का? ‘नाही मम्मी, कोणीच नसतं आता. वोही तो! पहले बाबा लोक बसायचे, त्यांचं हसणं स्टॉपवरूनच ऐकू यायचं. अब एकदम सुनसान.’

म्हणजे तिच्यासाठी केलं, तेही तिच्याच मुळावर आलं. आता दिवा लागला तरी हे लोक तिथे परत बसणार नाहीत.

१४ नोव्हेंबर

भांडी घासताना एकदम आठवलं. रजिस्टरात तक्रार नोकरी करणाऱ्याच्या नावावर लागते — नाव, स्टाफ नंबर, क्वार्टर नंबर. बायकांना तिथे रकानाच नाही. मी सवयीने यांचं नाव घातलंय!

आणि उद्या चौघं मिळून रजिस्टर बघायला जाणार आहेत.

आज सांगायचंच. जेवताना तोंड उघडलं आणि ‘लोणचं वाढू?’ विचारलं.

१५ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

विश्वासभाऊंच्या मनोरमावहिनी दारातूनच सांगून गेल्या, आत नाही आल्या. रजिस्टरात यांचं नाव निघालं. यांनी ते पान जवळ ओढून वाचलं आणि म्हणाले, ‘हाँ, मैंने ही लिखी थी.’

मला घरी येऊन एका शब्दाने विचारलं नाही. वाढलं ते जेवले. लाज वाटते मला माझी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर

पार्कातसुद्धा जात नाहीत. टीव्ही.

२२ नोव्हेंबर

शेवटी मीच गेले. भाजीच्या ठेल्यापाशी तिघं उभे होते. म्हटलं, ‘ती तक्रार माझी. यांना काही माहीत नव्हतं.’

विश्वासभाऊ म्हणाले, ‘वहिनी, ते आम्ही तिथेच ओळखलं. गणपतीत मंडळाच्या फळ्यावर तुमचंच तर अक्षर असतं. तक्रारीचं काही नाही हो. काशिनाथ आमच्या तोंडावर खोटं बोलला, राग त्याचा आहे.’

‘माझ्यासाठी बोलले.’

‘कळतं ना. मग त्याने येऊन बोलावं.’

धावत घरी आले, यांना सांगितलं. लगेच शर्ट चढवून निघाले. मला वाटलं, सुटले एकदाचे! वीस मिनिटांत परत.

‘काय झालं?’

‘काय होणार? रस्त्यात उभ्याने बोलायचं. मागून गाड्यांचे हॉर्न. खानसाहेबांचा गुडघा भरून आला. म्हणाले, फिर कभी बैठेंगे.’

‘मग?’

‘बैठेंगे कहाँ?’ — हे मलाच विचारलं.

२५ नोव्हेंबर

यांनी सकाळी नाशिकला दिरांना फोन लावला. ‘मार्चनंतर तिकडेच येतो. एखादं घर बघून ठेव.’ सत्तावीस वर्षं मी यांच्याकडे हेच मागत आले — आपल्या माणसांत परत जाऊ. आज मी ‘नको’ म्हटलं, तोवर फोन ठेवून झाला होता.