पियानोवर बसवलेला सुराचा झोका

क्वांगचौ

लाडक्या श्यौजू, थोरलीकडून तुला भरभरून आशीर्वाद.

अगं, आधी आला तो धापा टाकत पियानो शिकवणारा खांग मास्तर, आणि मागून आपली नात लानयिंग, संगीतशाळेतून. मास्तर एवढा जाडा की खुर्ची कुरकुरली! मी चहा ओतला तर म्हणतो, "आजी, चहा मागाहून, आधी ऐका." तुझे भाऊजी गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले बघ.

पोरीने भाऊजींचं त्या आडव्या, तारांच्या झंगवरचं गाणं पियानोवर बसवलंय! झंगची तार डाव्या हाताने दाबली की सूर झुलतो. पियानोत तार कुठली हाताला लागायला! म्हणून तिने शेजारच्या दोन पट्ट्या भराभर आलटूनपालटून वाजवल्या. हुबेहूब भाऊजी गं! मी टाळ्याच पिटल्या.

मग माझ्या ध्यानात आलं. तिने ऐकली ती कॅसेट भाऊजींच्या शेवटच्या वर्षातली. तेव्हा त्यांचे हात कापायचे. पोरीने सुराचा झोका समजून त्यांचं दुखणंच वाजवलं.

"आजी, रडतेस काय? चुकलं का माझं?"

"छे गं! वाजव, पुन्हा वाजव."

ती दोघं गेल्यावर मी जुना झोका गुणगुणून पाहिला. माझ्याही तोंडून आता थरथरच येते. तुझ्या लग्नात हेच गाणं त्यांनी धडधाकट हाताने वाजवलं होतं ना? तुला आठवत असेल तर गुणगुणून कॅसेट भर आणि लगेच पाठव. गुडघा कसा आहे गं तुझा?

छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, भाऊजींची कबर झाडून झाली की, दोघं पुन्हा येतो म्हणालेत.

तुझी ताई