अस्कालेमावशीचे तीन दिवस

हिदार महिना, तारीख ३

पाठ मोडून आलीय. सकाळी अस्कालेमावशीला पुसून काढलं, कूस बदलून दिली. दुपारी जाऊन बघते तर चादर ओली. पुन्हा पहिल्यापासून सगळं! मी काही तिची मुलगी नाही, सून नाही. नुसती भिंतीपलीकडची शेजारीण. तिचा एक मुलगा होता, तो ट्रकवर गेला तो गेलाच. घरी येऊन शिरोचं पिठलं शिजवायला हात उचलेना. कालचा इंजेराचा पोळा तसाच कोरडा खाल्ला.

हिदार ४

तेच.

हिदार ६, रविवार

आज इद्दिरची, आमच्या गल्लीच्या मयतमंडळाची, बैठक. गल्लीत मयत झालं की इद्दिरचा तंबू, बाकं, मोठी पातेली त्या दारात जातात आणि अख्खी गल्ली तीन दिवस तिथे बसून राहते. न येणाऱ्याला दंड. म्हणूनच मेलेल्याच्या घरी पाय ठेवायला जागा नसते! हे सगळं सामान माझ्या ताब्यात, भांडाराची किल्ली माझ्या कमरेला. आणि अस्कालेमावशी सणावाराला नव्हे, रोज दाराकडे डोळे लावून पडलेली — गेल्या महिन्यात तिच्याकडे फिरकला तो मीटर बघणारा.

आज उठून बोललेच. म्हटलं, औषध मागत नाही ती, पैसे मागत नाही. तिचं म्हणणं एवढंच, "मेल्यावर येणारच आहेत ना सगळे, मग जरा आधी येऊ देत की!" पाळी लावू, रोज दोघींनी बसायचं.

अध्यक्ष आतो देमिस्से. शाळामास्तर होते, अजूनही समोर वर्ग बसल्यासारखे बोलतात. "इद्दिर मयतासाठी आहे, एल्फिनेश. आज तिच्यापाशी बसलो, तर उद्या कुणाला सर्दी झाली तरी तो म्हणेल, या बसायला." सगळे खो खो हसले. मला रडू आलं. रागाचं.

हिदार ७

मावशीला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मग मरायची घाई करायला हवी." चेष्टेत म्हणाली की खरंच, कळलं नाही. मी ओरडले तिच्यावर. मग वाईट वाटलं. केसांना लोणी लावून वेणी घालून दिली.

हिदार ९

मिकाएलच्या चर्चमधल्या दोघी उद्या सकाळी येऊन बसतो म्हणाल्या! पण बसणार कुठे? घरात खाट आणि एक लंगडं स्टूल. भांडारातलं एक बाक नेते झालं. अंघोळीचं पाणी तापवायला पातेलंही. कोणाला विचारणार नाही. विचारून काय मिळालं?

हिदार १०

काय दिवस होता!

उजाडायच्या आधीच ढकलगाडीवर बाक आणि पातेलं घालून निघाले. वाटेत मयताची वर्दी देणारा आमचा तुतारीवाला गोबेझे दिसला. त्याने बाक बघितलं, पातेलं बघितलं, मी कुणाच्या दारात वळले ते बघितलं. इद्दिरचं बाक मयताशिवाय कधी बाहेर पडलंय? शहाण्याने मला हाक मारून विचारायचं तरी! नाही. तडक घरी जाऊन तुतारी घेऊन आला.

"अस्काले गेली हो! अस्काले गेली!"

मी आत चूल पेटवत होते. मीच घाबरून मागे वळून बघितलं, हिचा श्वास चालू आहे ना!

बाहेर पडून थांबवीपर्यंत उशीर झाला होता. भांडार मी घाईत उघडंच टाकलं होतं, पुरुष तिथून तंबूचे खांब घेऊन आले. बायका पांढऱ्या शाली डोक्यावरून घेऊन रडत आल्या. गल्लीतल्या शेवायेचा तर रडगाण्याचा सूर लागला होता — अस्कालेसारखं सूत कुणी कातलं नाही, अस्कालेच्या दारातून उपाशी कुणी गेलं नाही! तशीच गात आत शिरली आणि खाटेवर मावशी उठून बसलेली! शेवाये मटकन खाली बसली.

मावशी म्हणाली, "थांबलीस का? सुताचं छान म्हटलंस. माझ्या कॉफीचं राहिलं."

आधी किंकाळ्या, मग हसणं, मग गोबेझेला शिव्या, मग मला. मयताला आलेल्यांना वाटायच्या निफ्रोसाठी गहू-हरभरे शिजतच होते, आता ते कुणी टाकायचे? आतो देमिस्से आले. लाल झाले होते. दाराशीच उभं राहून म्हणाले, "तुतारी वाजली, तंबू आला. नियमाने आता तीन दिवस बसावं लागेल. पण माणसाला तंबू एकदाच. अस्काले, तू खरंच जाशील तेव्हा इद्दिर येणार नाही. बोल, उतरवू?"

मी म्हटलं, "मावशी, नाही म्हण!" बेवारशासारखं पुरतील तिला, ना तंबू, ना कुणी खांदा द्यायला.

मावशीने माझ्याकडे बघितलंही नाही. "राहू दे तंबू. तेव्हा मला कुठे दिसणार आहात तुम्ही?"

हिदार ११

घर भरलेलं. लोक तिची खोडी काढतात, "मयताने बोलू नये गं!" ती प्रत्येकाला नावाने हाक मारते, प्रत्येकाचं जुनं काहीतरी बाहेर काढते. मी भांडी घासतेय. हात सोलवटले आहेत. तरी बरं वाटतंय.

हिदार १२

आज मिकाएलचा सण, तरी माणसं आली. आतो देमिस्से दोन्ही दिवस पहिल्या बाकावर. नुसते मावशीकडे बघत होते. पाळत ठेवतात की काय आमच्यावर!

हिदार १३

तंबू उतरला. मावशीने पोटभर खाल्लं आणि गाढ झोपली. मला मात्र झोप नाही. उद्या ही गेली तर? एकटीने कसं नेऊ तिला टेकडीवर पुरायला? तिला काही नाही, ती मोकळी झाली. घोर माझ्या वाट्याला.

हिदार १५

पातेली मोजून भांडारात लावत होते. दारात आतो देमिस्से. वाटलं, आता किल्ली मागतात. मी कमरेची सोडायलाच लागले.

त्यांनी टोपी काढून हातात धरली. कॉफी नको म्हणाले. "पोटात गाठ आहे माझ्या. डॉक्टर म्हणतात, ईस्टर दिसणार नाही. घरी अजून सांगितलेलं नाही."

मग, मास्तरांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं अशा आवाजात, "एल्फिनेश, माझे तीन दिवस मला आत्ताच मिळतील का?"