परसातले पन्नास पक्षी

२ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. आई गेल्यावर अप्पांचं मन रमावं म्हणून मुलानं, सिद्धेश्वरनं, पुण्याहून कॅमेरा पाठवला, तो तीन महिने खोक्यातच होता. माझं मन रमलेलंच आहे. पण वस्तू वाया जाऊ नये. प्रोजेक्ट ठरला: परसातले पन्नास पक्षी. नोव्हेंबरअखेर कॉलनीच्या हॉलमध्ये प्रदर्शन. मधली भिंत माझी.

पद्धत: स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचं. खिडकीची काच बंद, पाखरं बिचकतात. डोक्यावरून वाकळ, म्हणजे कॅमोफ्लाज. (हिनं आपल्या जुन्या इरकली साड्यांची शिवलेली. हाताशी तीच होती.) कॅमेरा बाजूला ट्रायपॉडवर, टायमर लावून, कारण माझा हात हलतो. चष्मा काढून ठेवायचा, चमकतो. दिवा लावून चहा घेत बसायचं.

आजचे पक्षी: शून्य. पहिलाच दिवस आहे.

५ ऑक्टोबर
एक कावळा. कावळा मोजत नाही.

शेजारची बसम्मा भिंतीवरून म्हणाली, सर, चन्नक्का रोज धुण्याच्या दगडावर ज्वारी टाकायची की, तुमी बी मूठभर टाका. म्हटलं, वाईल्डलाइफवाले खाऊ घालून फोटो काढत नाहीत. शिवाय मंगळवेढ्याची ज्वारी माणसांसाठी असते. हे मी हिलाही सांगत असे. ऐकायची नाही. मे महिन्यात पाखरांच्या पाण्याची परळ उचलून भिंतीवर आपटली होती मी. स्कूटर घाण करतात म्हणून. हिनं तुकडे गोळा केले. जूनमध्ये गेली. त्याचा नि याचा काही संबंध नाही. हार्ट होतं.

९ ऑक्टोबर
पाखरं न येण्याचं कारण सापडलं: क्लायमेट चेंज. तोवर लँडस्केप. यूट्यूबवरचा माणूस सांगतो, ऑटम म्हणजे लाल पानं. होटगी तलावावर गेलो. दोन तासांत लाल पान एकच दिसलं, झूम केलं तर गुटख्याची पुडी. गवत मात्र छान पिवळं झालंय. सगळ्या फोटोंत तलाव तिरका आलाय. ही माझी शैली समजावी.

१४ ऑक्टोबर, ७.०५
सकाळच्या फोटोत धुण्याच्या दगडाशी कोणीतरी बसलंय. अंधूक. डोक्यावरून पदर. तांबडा काठ.

लेन्सचा दोष. एकतीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलंय मी. 'प्रकाशाचे परावर्तन' हा धडा माझ्यासारखा तालुक्यात कोणी घेत नव्हतं. भुताचं नाव काढणाऱ्याला वर्गाबाहेर उभा करायचो.

चहा गार झाला. पुन्हा केला नाही.

१५ ऑक्टोबर
आजही. त्याच जागी, तशीच बसलेली. परसात जाऊन दगड हातानं चाचपला. कोणी नाही. फटीत साबणाचा चुरा आहे अजून.

अंगावर काटा आला होता. सकाळी गार असतं आता.

१९ ऑक्टोबर
कॅमेरा चौकातल्या स्टुडिओत नेला. तो म्हणाला, लेन्स एकदम ठणठणीत हाय सर, फोटो दाखवा की. त्याला काय कळतंय. फोटो दाखवले नाहीत. घरातली माणसं उठसूट कोणालाही का दाखवायची?

वरचं वाक्य खोडायचं आहे. पेन मिळत नाही.

२४ ऑक्टोबर
दगडावर ज्वारी टाकली. निव्वळ शास्त्रीय प्रयोग. जाता जाता कुंभाराकडून नवी परळही आणली. हिचं माहेर दुधनी, कन्नडात हाक मारायची पाखरांना, बर्री, बर्री. म्हणजे या हो, या. चिमणीलासुद्धा अहो-जाहो! एकदा म्हणून पाहिलं. बसम्मा बाजारात गेली होती तेव्हा.

साळुंक्या चार, बुलबुल एक. फोटो आले असतील. माझं लक्ष दगडाकडे होतं. होती.

१ नोव्हेंबर
दिवाळीला सिद्धेश्वर आलाय. म्हणतो, अप्पा, हितं एकटे काय करता, पुण्याला चला, घर बंद ठेवू. म्हटलं, घर कसं बंद ठेवणार, घरात माणूस असताना? तो म्हणाला, कोण? म्हटलं, मी. प्रोजेक्ट चालू आहे. फोटो बघू म्हणाला. फायली जड आहेत, उघडत नाहीत, असं सांगितलं.

८ नोव्हेंबर, ६.३०
आज बोललो. मोठ्यानं. म्हटलं, स्कूटरवर काही नव्हतं गं. स्कूटर स्वच्छ होती. त्या दिवशी पाखरांशी अर्धा तास गप्पा मारल्यास आणि मला चहा विचारला नाहीस, त्याचा राग होता. परळ मुद्दाम फोडली. चुकलं माझं, चन्ना. लई चुकलं.

मग फोटो बघितला. तिनं डोळ्याला पदर लावलाय.

दिवसभर काही खाल्लं नाही. बरं वाटतंय. फार दिवसांनी बरं वाटतंय.

१५ नोव्हेंबर
प्रदर्शनाचे लोक येऊन गेले. सांगितलं, पक्षी अजून तयार नाहीत. पुण्याचं साफ नाही कळवून टाकलं.

१६ नोव्हेंबर
बसम्मा शेंगाची चटणी घेऊन आली. दारातच घुटमळली. म्हणाली, सर, रागवू नका, एक सांगते. रोज उजाडताना तुमी खिडकीत दिवा लावून चन्नक्काची वाकळ डोक्यावरून घेऊन बसता. पहिल्या दिवशी मला वाटलं चन्नक्काच हाय. काळजात धस्स झालं बघा. काचेत हुबेहूब तीच की हो. त्या दिवशी तर डोळे पुसताना पाहिलं. आमाला बी रडू आलं.

चटणी चांगली आहे म्हटलं. दार लावलं.

टेप काढला. स्टूल ते काच: साडेचार फूट. काच ते दगड: साडेचार फूट.

एकतीस वर्षं. फळ्यावर आकृती काढून: वस्तू आरशापुढे जितकी, प्रतिमा मागे तितकीच. ज्याला येत नव्हतं त्याला पाच वेळा लिहायला लावून.

१७ नोव्हेंबर, ६.२०
खिडकी उघडली. वाकळ घडी करून कपाटात. दिवा बंद. चष्मा लावला.

साळुंक्या नऊ, बुलबुल दोन, होला एक, आणि शिंजीर, जो पन्नासच्या यादीत पहिला होता. एकही उडाला नाही. फोटो इतका स्वच्छ की ज्वारीचा दाणा न् दाणा मोजावा. प्रदर्शनात पहिला नंबर आला असता.

दगडाशी कोणी नाही.

डिलीट केला.

७.१०
वाकळ काढली. दिवा लावला. चष्मा काढून ठेवला. खिडकी परत लावून घेतली. पाखरं बिचकतात.