तिसरा पिस्टन

अब्बा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि गेल्या आठवड्यात तुमच्या फियाटचं इंजिन मागच्या पडवीत उघडं पडलं होतं. मदतीला भाऊंना बोलावलं, हे ऐकून रागवाल. कान्हे गावचे भाऊ, तुमचे जिवाचे मित्र. त्यांच्याच गॅरेजात इंजिन बांधून आणलंत आणि थोड्याच दिवसांत ते ठकठक वाजायला लागलं. भाऊंनी नवा पिस्टन काढून जुना घातला, असं तुम्ही कामशेतच्या बाजारभर सांगितलंत. त्या ईदला मी नेहमीसारखी शीरखुर्म्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे निघाले होते. स्वयंपाकघराच्या दारातच तुम्ही डबा हातातून काढून घेतलात. "त्या घरी आता काही जायचं नाही." अम्मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. पुढे भाऊंचं गॅरेज बंद पडलं. गाडीवर तुम्ही ताडपत्री टाकलीत. इंजिनला आपण हातसुद्धा लावला नाही, असं शेवटपर्यंत म्हणत राहिलात.

मी ते खोललं तेव्हा तिसरा पिस्टन खरंच वेगळ्या बनावटीचा निघाला. मला बरंच वाटलं, तुम्ही खरे ठरलात म्हणून. लोणावळ्याहून सिलिंडर आतून कातून, बोअर करून आणले, नवे पिस्टन आणले, पण जोडणी एकटीला जमेना. शिवाय तो पिस्टन दाखवल्यावर मला भाऊंचा चेहरा बघायचा होता. ते पिस्टनवर रिंगा चढवत होते, बेअरिंगला तेल लावत होते आणि मी त्यांच्या हातांवरून नजर काढत नव्हते. पाणी आणायलासुद्धा आत गेले नाही. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा जुना पिस्टन त्याला जोडलेल्या दांड्यासकट त्यांच्यापुढे ठेवला.

"भाऊ, हा कुणी घातला?"

त्यांनी दांड्याचे नट अंगठ्यानं पुसले. "मी चारी एकसारकं घातलं व्हतं. ह्ये नट माझ्या हातचं न्हाईत."

नटांवर दोन-दोन ठिपके ठोकलेले होते. आवळलेल्या नटावर खूण करायची तुमची कारखान्यातली सवय. आपल्या कुकरच्या दांडीवरही तेच ठिपके आहेत.

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"त्यानं आत हात घातलाय ह्ये मला कुटं म्हाईत? आन् बोलू तरी कुनाशी? तुजा बाप रस्ता बदलून जायचा."

तेव्हापासून डोकं थांबत नाही. उघडलंत कधी, आवाज येण्याआधी की नंतर? नवा पिस्टन तुमच्याच हातून बिघडला होता का? की ते ठिपके भाऊंनीच मारले? तुमची खूण त्यांनाही ठाऊक होती.

परवा इंजिन गाडीत बसवलं. दोनदा खोकलं आणि चालू झालं, कसलाही आवाज नाही. भाऊ बराच वेळ ऐकत उभे होते. मग म्हणाले, "बाजारात सांगशील का, पोरी? ऐकनारं कोन ऱ्हायलंय म्हना." मी हो म्हणाले. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे बरंच आहे. तुम्ही उत्तर दिलं असतंत, तर ते खरं की खोटं हे मी आधी भाऊंना विचारून आले असते.